सहाशे डॉलरात पहिला बो येईल का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सप्टेंबर संपत आला की मी कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घेऊन ओहायोच्या रानात हरणामागे जातो, आणि त्यावर एवढे मेल आले की या वेळचं सदर सगळं त्याच्यावरच. दोघातिघांनी कानउघाडणी पण केलीये, त्यातल्या एकीचं उत्तर खाली आहे. नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : दादा नमस्कार, मी मूळचा बारामतीचा, सध्या डेटनला, वय २९, उंची पाच फूट सात इंच. ऑफिसातला एक मित्र म्हणतो या सीझनला माझ्या काकाच्या शेतावर चल, हरणं खूप आहेत. माझ्याकडे काहीच सामान नाही. बायकोने सगळं मिळून ६०० डॉलर मंजूर केलेत, वर एक सेंट नाही. दुकानात गेलो तर तिथल्या पोराने साडेतेराशेचा बो हातात ठेवला, तोही नुसता, त्यावर नेम धरायची साइटसुद्धा नाही. ऑनलाइन बघितलं तर दीडशेला पण मिळतोय. डोकं फिरलंय, काय घेऊ?

उत्तर : पहिलं म्हणजे त्या साडेतेराशेवाल्याचा विचार सोड. तो बो वाईट नाही, उलट झकास असतो, ओढायला मऊ, आवाज कमी, हाताला झटका नाही, पण २० यार्डावर आडव्या, म्हणजे बाजू दाखवून उभ्या असलेल्या हरणाला तो बो साडेतेराशेचा की चारशेचा हे काही कळत नाही. आणि दीडशेच्या बिननावाच्या बोकडे तर बघू पण नको, उद्या कॅमचा, म्हणजे टोकाच्या चाकाचा, पार्ट गेला तर मिळणार कुठून.

आता खरी गोष्ट. बो हा चपलेसारखा असतो बघ, ब्रँड कुठलाही असो, माप चुकलं की चावणार. हे माप म्हणजे ड्रॉ लेन्थ, दोरी पूर्ण ओढल्यावर किती मागे येते ती लांबी. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसर, ताणायचे नाहीत, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत बायकोला इंचात मोजायला सांग. येईल त्याला अडीचने भाग. साधारण उंचीएवढंच माप येतं, म्हणजे तुझं ६७ धरलं तर पावणेसत्तावीसच्या आसपास. हा झाला अंदाज, नक्की माप दुकानात बो हातात देऊन बघतात. अर्धा इंच कमी चालेल, जास्त नको. जास्त झालं की खांदा मागे जातो, कोपर आत वळतं आणि दोरी सुटताना हाताची सालटी काढते.

माझा पहिला बो मी असाच घेतला होता, एका पार्किंग लॉटमधे, कुणाकडून तरी, घासाघीस करून, आणि लई भारी सौदा केला म्हणून खूश. तो सेट होता ३० इंचाला, माझं माप साडेसत्तावीस. आठवडाभरात डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा, आणि व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं तर म्हणे खरं सांग, कुणी मारलं का तिकडे. बाण सगळे डावीकडे जायचे ते वेगळंच.

दुसरं माप ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. इथे पुरुषांचा इगो आडवा येतो. मित्र ७० पौंड ओढतो म्हणून आपण पण ७०. अरे, ओहायोत हरणासाठी किमान ४० पौंड लागतात, पेनसिल्व्हेनियात ३५, विस्कॉन्सिनमधे ३०. तू ५० ला सुरू कर, ऑक्टोबरपर्यंत ५५ झालं तरी खूप. ओळखायची युक्ती सांगतो, खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून जरासे उचल, बो समोर टार्गेटच्या उंचीला सरळ धर आणि ओढ. आभाळाकडे तोंड करून झटका मारावा लागला तर तेवढं वजन तुझं नाही. थंडीत जाड जॅकेट घालून दोन तास आखडून बसल्यावर अजून दहा पौंड जड लागतं हे मी अनुभवाने सांगतोय.

वजन कमी ठेवायला लाजू नको कारण कंपाउंडची सगळी गंमतच वेगळी आहे. १९६० च्या दशकात मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने धनुष्याच्या टोकांना चाकं लावली, १९६९ मधे पेटंट मिळालं. त्या चाकांचा आस मधोमध नसतो, बाजूला असतो, त्यामुळे ओढताना मधे पूर्ण वजन लागतं आणि शेवटाला एकदम सैल पडतं. ह्याला लेट-ऑफ म्हणतात. ६० पौंडाचा बो आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १२ पौंड राहतात, म्हणजे हरीण झाडामागून पुढे येईपर्यंत तू धरून थांबू शकतोस. साध्या धनुष्यात असं थांबता येत नाही, हात थरथरायला लागतो.

डब्यावर ३१५, ३२० असा फूट-प्रति-सेकंद आकडा लिहिलेला असतो त्याला भुलू नको. तो आकडा ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे बाण तोलायचं बारीक माप) हलका बाण घेऊन काढतात. तुझा ड्रॉ २७, वजन ५०, बाण ४०० ग्रेनच्या वर, मग गाडीच्या मायलेजसारखंच, कंपनी सांगते एक आणि पडतं एक. दर इंचाला साधारण दहा फूट तिथेच कमी होतात. तरी पुरतं.

आता पैशाचं. तू रेडी-टू-हंट पॅकेज बघ. बेअरचा क्रूझर, डायमंडचे इन्फिनिट किंवा एज, पीएसईचा स्टिंगर, ही सगळी त्याच लाइनीतली आणि साधारण ४०० ते ५०० मधे बसतात. मॉडेलचं नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा स्टॉक सवलतीत मिळाला तर डोळे झाकून घे, वर्षात काही फरक पडत नाही. ह्यात साइट, बाण टेकवायचा रेस्ट, क्विव्हर म्हणजे भाता, पीप म्हणजे दोरीतलं बघायचं भोक, सगळं लावून येतं. क्रूझर आणि त्या डायमंडवाल्यांचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा असा की ड्रॉ लेन्थ आणि वेट दोन्ही खूप फिरवता येतं, तेही बहुतेक बो दाबून दोरी सैल करणाऱ्या प्रेसशिवाय, म्हणजे उद्या बायकोला पण शिकायची हुक्की आली तर तोच बो तिला सेट करून देता येतो. (मंजुरी देणाऱ्या माणसाला हे आधी सांग.)

पॅकेजमधे काय नसतं ते कुणी सांगत नाही आणि तिथेच बजेट फुटतं. मनगटाला बांधून दोरी सोडायचा रिलीज ४०-५० डॉलर, ह्याच्याशिवाय कंपाउंड मारूच नको, बोटाने सोडलं की बाण वाकडा जातो. सहा कार्बन बाण साठेक. तीन ब्रॉडहेड, म्हणजे बाणाची शिकारीची पातीवाली टोकं, ३५-४०. गोणीसारखं टार्गेट ५० च्या आसपास. झाले ना दोनशे? म्हणजे बो चारशेच्या आतच, त्या मागच्या वर्षीच्या स्टॉकमधे, शोधायचाय, आणि लायसन्स, डियर परमिट, हंटर एज्युकेशनचा कोर्स वेगळं, ते खातं बायकोकडे दुसऱ्या नावाने मांड. अंतर मोजायचा रेंजफाइंडर ह्या वर्षी घेऊ नको, बसायच्या जागेपासून २० पावलांवरचं झाड बघून ठेव, त्याच्या पलीकडे मारायचं नाही. ट्रीस्टँड पण नको. झाडावर चढलास तर फुल बॉडी हार्नेस पाहिजेच, जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत हुक लावलेला पाहिजे, कारण ह्या छंदात माणसं बाणाने नाही, झाडावरून पडून मोडतात. पहिल्या वर्षी जमिनीवरच पडलेल्या झाडाच्या आडोशाला बस, वारा तोंडावर घेऊन. फुकट आहे.

आणि बो लोकल दुकानातूनच घे, वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी, कारण माप लावणं, पीप तुझ्या डोळ्यासमोर आणणं, पहिले दहा बाण मारून बघणं हे ते करून देतात. ऑनलाइनचा डबा घरी आला की तू आणि ॲलन की, दोघेच.

प्रश्न : पिट्सबर्गजवळ राहतो. शेजाऱ्याच्या गॅरेज सेलमधे एक जुना कंपाउंड बो ८० डॉलरला आहे, पंधरा वर्षांचा असेल, पण नामांकित कंपनीचा. घ्यावा का? दोरी ओढून सोडून बघितली तर जोरदार आवाज आला, दमदार वाटतोय.

उत्तर : अहो साहेब, काय केलंत! बाण न लावता दोरी सोडली का? त्याला ड्राय फायर म्हणतात आणि तो जोरदार आवाज दमाचा नव्हे, बो मेल्याचा असू शकतो. बाण नसला की सगळी ताकद लिम्ब (बोचे वाकणारे दोन हात) आणि कॅममधेच परत जाते, लिम्ब चिरतात, दोरी तुटते, तोंडावर येते. असं परत कधीच करू नका, आणि शेजाऱ्याला पण प्रामाणिकपणे सांगा.

जुना बो मुळात वाईट नाही, पाच-सहा वर्षांतला असेल तर मी नव्यापेक्षा जुनाच घ्या म्हणेन. कापसाचा बोळा घेऊन लिम्बवरून फिरवायचा, कुठे तंतू अडकला की तिथे चीर आहे, नमस्कार करून निघायचं. कॅम बाजूने बघायचे, वाकलेत का. दोरी केसाळ झाली असेल तर नवीन दोरी-केबलचा सेट आणि बसवायची मजुरी धरून सव्वाशे-दीडशे कुठे गेले नाहीत, हे किमतीत धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या मॉडेलची ड्रॉ लेन्थ बदलता येते का? जुन्या कितीतरी बोंमधे त्यासाठी वेगळा कॅम किंवा मॉड्यूल लागतो आणि पंधरा वर्षांनी तो मिळत नाही. तुमचा ८० डॉलरवाला दुकानात दाखवल्याशिवाय ओढू पण नका. माझं मत विचाराल तर भिंतीवर लावायला छान आहे.

प्रश्न : मॅडिसन, विस्कॉन्सिन. मी ४२ पौंडाच्या वर ओढू शकत नाही, ड्रॉ २६ इंच. नवरा आणि त्याचे मित्र हसतात, म्हणतात ह्याने ससा पण पडणार नाही. खरंच हरणाला कमी पडेल का?

उत्तर : ताई, हसू द्या त्यांना. तुमच्या राज्यात किमान ३० पौंड लागतात, तुम्ही त्याच्या वर बारा आहात. थोडं गणित करू. बाणाचं वजन ग्रेनमधे, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, म्हणजे फूट-पौंडात ताकद येते. तुमचा बाण ३८० ग्रेनचा आणि वेग समजा २१० फूट, तर साधारण ३७ फूट-पौंड. हरणासाठी २५ ते ४० ची रेंज धरायची पद्धत आहे, म्हणजे तुम्ही बसताय, वरच्या टोकाजवळच बसताय.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. उघडणारे, म्हणजे मेकॅनिकल ब्रॉडहेड वापरू नका, त्यांची पाती उघडायलाच ताकद खर्च होते. दोन पात्यांचं फिक्स्ड ब्रॉडहेड घ्या आणि ते इतकं धारदार ठेवा की हाताचे केस निघाले पाहिजेत. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, कापून मारतो, म्हणून सगळा खेळ धारेचा आणि जागेचा. हरीण आडवं असेल किंवा थोडं पाठमोरं तिरकं, पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, तिथे दोन्ही फुप्फुसं येतात. समोरून तोंड करून उभं असेल तर सोडून द्या, खांद्याच्या हाडावर तर मुळीच नको. आणि १५-१८ यार्डाच्या आतच मारा. ७० पौंडवाला तुमचा नवरा ४५ यार्डावरून पोटात मारून रात्रभर बॅटरी घेऊन शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तसं झालंच त्याच्याकडून तर लगेच मागे पळू देऊ नका, आठ-दहा तास थांबायचं असतं, नाहीतर हरीण उठून अजून मैलभर जातं. फुप्फुसाला लागलं तरी अर्धा तास थांबाच.

प्रश्न : बाणाच्या डब्यावर ३४०, ४००, ५०० लिहिलेलं असतं ते काय? सिनसिनाटी.

उत्तर : स्पाइन. बाण २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवून मधे १.९४ पौंड वजन टांगलं की जितका वाकतो तेवढे इंचाचे हजारावे भाग. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचिक, लोक उलटं समजतात. ५०-५५ पौंड आणि २७ इंचाच्या आसपास असाल तर ४०० किंवा ५०० मधलं काहीतरी येईल, कंपनीच्या तक्त्यात आपला ड्रॉ वेट आणि बाणाची लांबी घालून बघायचं. अंदाजाने घेऊ नका. आणि दर पौंडाला निदान ५ ग्रेन वजन बाणाला पाहिजेच, हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायरच. मारायच्या आधी प्रत्येक बाण दोन्ही हातांनी जरा वाकवून कानाशी धरा, कार्बन चिरला असेल तर करकर ऐकू येतं. असा बाण मोडून कचऱ्यात, पैशाचा विचार करायचा नाही, फुटला तर तुमच्याच हातात घुसतो.

प्रश्न : मी एच-वन-बी वर आहे, कोलंबस. बो घेतला तर व्हिसाला काही लफडं होईल का? बंदुकीचे नियम कडक आहेत असं ऐकलंय.

उत्तर : बंदुकीचे आहेत, तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्स वगैरे काही अपवाद सोडून. पण बो हे फायरआर्म नाही, त्यामुळे तो नियम त्याला लागत नाही, दुकानात बॅकग्राउंड चेक पण नसतो. लायसन्स मात्र राज्याचं लागतंच आणि रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट ह्यावर फीमधे जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तिथे खोटं लिहू नका. विनापरवाना शिकारीचा गुन्हा अंगावर घेणं तुमच्या-आमच्यासारख्यांना कधीही परवडणारं नाही. अजून एक, घराच्या बॅकयार्डात प्रॅक्टिस करण्याआधी शहराचा नियम बघा, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार असेल तर ओहायोत मालकाची लेखी परवानगी खिशात पाहिजे.

प्रश्न : मराठी मासिकात शिकारीचं कौतुक बघून वाईट वाटलं. बिचाऱ्या हरणांनी काय केलंय? न्यू जर्सी.

उत्तर : तुमचं वाईट वाटणं मला समजतं, मी पण माळकरी घरातला आहे, आजीला अजून सांगितलेलं नाही. पण इथली गोष्ट वेगळी आहे म्हणून सांगतो. ओहायोत १९०४ पर्यंत हरीण संपलं होतं, अक्षरशः शून्य, बेसुमार शिकार आणि जंगलतोड. ते परत आलं ते सीझन, परमिट आणि पैशामुळे. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, आणि धनुष्यबाण त्यात आले १९७२ ला, बोवर ११ टक्के. योगायोग बघा, त्याच १९७२ ला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे शिकार बंद झाली. दोन देश, दोन रस्ते. आता इथे लांडगे नाहीत, प्यूमा नाहीत, आणि हरणं एवढी झालीत की माझ्या गाडीला दोनदा धडकलीत. तरी तुम्हाला पटावं असा आग्रह नाही, पुढच्या अंकात लोणच्यांवर लिहितोय.

प्रश्न : दादा, हरणाचं मटण घरी कसं करायचं? आमचं पहिल्यांदा केलेलं वातड आणि उग्र झालं. टोलिडो.

उत्तर : चरबी ठेवली असणार. बोकडाची चरबी आपण आवडीने ठेवतो, हरणाची सगळी काढायची, ती गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. पांढरे पापुद्रे पण सोलून काढा. मांडीचं मटण दह्यात, आलं-लसणात रात्रभर ठेवा आणि मग कुकरला, बोकडापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. पाठीच्या कण्याजवळचा लांब मऊ तुकडा मात्र कुकरात घालून वाया घालवू नका, तो तव्यावर तुपात दोन-तीन मिनिटं. आणि सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा रोग आहे, विस्कॉन्सिनमधे २००२ ला सापडला, ओहायोच्या रानातल्या हरणात २०२० ला. त्या भागातलं हरीण असेल तर टेस्ट करून घ्या आणि रिझल्ट येईपर्यंत फ्रीजरमधेच राहू द्या, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही. पाहुण्यांना आमंत्रण त्यानंतर.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहितोय, भाचा तुमचं मासिक पाठवतो. रानडुकरं उसाची वाट लावतात. भाच्याला सांगून तिकडून असा बो मागवला तर चालेल का? आमच्या धाकट्याला पण फार नाद आहे नेमबाजीचा.

उत्तर : अजिबात नाही काका. आपल्याकडे रानडुकराला स्वतः होऊन मारणं म्हणजे वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, मग ते बंदुकीने असो, बोने असो की गळफास लावून. पिकाची नासाडी असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, नुकसानभरपाईची सोय आहे, आणि फारच उपद्रव असेल तर परवानगी देण्याचे अधिकार त्यांच्याकडेच आहेत. पंचनाम्याच्या आधी शेत साफ करू नका आणि फोटो काढून ठेवा.

धाकट्याच्या नादाचं मात्र मनावर घ्या. सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनी २०२३ ला बर्लिनला कंपाउंडमधेच वर्ल्ड चॅम्पियनशिपचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, अदिती तेव्हा १७ वर्षांची होती आणि ओजसने फायनलला १५० पैकी १५० मारले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कंपाउंडची मिश्र जोडी आलीये. पण एकदम कंपाउंड घेऊन देऊ नका, इथून नेलेला शिकारीचा बो तर नकोच, तो आखूड आणि पोराच्या मापाचा नसणार. जवळच्या तिरंदाजी केंद्रात नाव घाला, तिथे बहुतेक आधी बांबूचं इंडियन राउंडचं धनुष्य देतात, सहा महिने त्याच्यावर बोटं सोलून निघाली आणि तरीही पोरगा सकाळी स्वतःहून उठून गेला, तर मग मला परत लिहा, मापं पाठवा.